फ्रूटलँड्स, १८४३ : आतल्या आवाजावर चालवायला घेतलेली शेती

कापूस चालणार नाही, कारण तो दक्षिणेतल्या गुलामांच्या श्रमातून येतो. लोकर मेंढीची, म्हणून तीही नको, आणि रेशीमही नको. अंगात लिननचे सैल अंगरखे. साखरही गुलामांच्याच घामाची, म्हणून बाद. मांस, मासे, अंडी, दूध, लोणी, चीज, मध सगळं बाद. चहा-कॉफी नाही, प्यायला पाणी आणि सकाळी आंघोळही थंड पाण्याची. नांगराला जनावर जुंपायचं नाही आणि जमिनीला शेणखत घालायचं नाही. बैलाला राबवणं आणि माणसाला राबवणं यांत तत्त्वतः फरक काय, असा या मंडळींचा सवाल होता.

१८४३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हार्वर्ड गावी (हे विद्यापीठाचं हार्वर्ड नव्हे, त्याच नावाचं एक खेडं) डझनभर माणसं हे नियम पाळत शेती करायला निघाली. जागेला नाव दिलं ‘फ्रूटलँड्स’. फळझाडं म्हणाल तर सफरचंदाची मोजकी जुनी खोडं उभी होती. पुढच्या जानेवारीत सगळं आटोपलं होतं.

अमेरिकन अतींद्रियवादाची, म्हणजे ट्रान्सेन्डेंटॅलिझमची, ओळख सहसा एमर्सन या लेखकाच्या निबंधांतून किंवा वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहिलेल्या हेन्री थोरोच्या उदाहरणातून करून दिली जाते. मी मुद्दाम ही फसलेली शेती निवडली आहे. निबंधात विचार आपल्याला हवा तसा मांडता येतो. शेतात तो सकाळी उठून कुणाला तरी करावा लागतो, आणि मग त्याचे सांधे दिसायला लागतात.

विचार आला कुठून

बॉस्टन आणि आसपासचा सुशिक्षित समाज तेव्हा बहुतांशी युनिटेरियन पंथाचा होता. आदिपापाची भीती घालणारा जुना कडवा धर्म या पंथाने सोडला होता आणि विवेकाला पटेल असा, सभ्य, शांत ख्रिस्ती धर्म धरला होता. त्यामागचं ज्ञानशास्त्र इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचं. मन म्हणजे कोरी पाटी, त्यावर जे उमटतं ते इंद्रियांवाटे. मग देव आहे हे कळायचं कसं? बायबलातल्या चमत्कारांचा ऐतिहासिक पुरावा तपासून. या उत्तराने तरुण धर्मोपदेशकांचा जीव घुसमटायला लागला. देवाची ओळख पटायला अठराशे वर्षांपूर्वीच्या साक्षीदारांवर विसंबायचं, तर माझ्या आत आत्ता जे जाणवतं त्याचं काय?

जर्मन तत्त्वज्ञ कांटचं तत्त्वज्ञान त्यांच्यापर्यंत पोचलं ते बरंचसं इंग्रज कवी कोलरिजच्या हातून. कांटला काय म्हणायचं होतं आणि यांनी काय ऐकलं, यात पुष्कळ अंतर आहे. त्यांनी उचललं ते एवढंच की माणसाच्या ठायी दोन शक्ती असतात. एक व्यवहारबुद्धी, जी मोजते, तुलना करते, हिशेब करते. दुसरी अंतःप्रज्ञा, जी सत्य थेट पाहते. ही दुसरी शक्ती विद्वानांची मक्तेदारी नाही. ती शेतकऱ्यात आहे, गुलामात आहे, लहान मुलात तर जास्तच आहे.

राल्फ वाल्डो एमर्सनने १८३२ मध्ये बॉस्टनच्या चर्चमधली नोकरी सोडली. प्रभुभोजनाचा, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षारस वाटण्याचा, विधी आपल्या मनाला पटत नाही, तर तो आपण चालवायचा कसा, एवढंच कारण. १८३६ मध्ये त्याचं ‘नेचर’ हे छोटेखानी पुस्तक आलं आणि त्याच वर्षी अशा असमाधानी मंडळींचा एक क्लब जमायला लागला. दोन वर्षांनी हार्वर्डच्या, या वेळी विद्यापीठाच्याच, धर्मशास्त्र विद्यालयात पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर एमर्सनने भाषण केलं. ख्रिस्ताने प्रत्येक माणसातलं देवत्व ओळखलं होतं आणि चर्चने मात्र ख्रिस्तालाच तेवढं देव करून ठेवलं, असा त्याचा रोख होता. त्यानंतर जवळपास तीस वर्षं हार्वर्डने त्याला बोलावलं नाही.

या मंडळींच्या श्रद्धा एका जाहीरनाम्यात कधी आल्या नाहीत, येणंही शक्य नव्हतं. पण ढोबळपणे सांगायचं तर विश्वात एकच चैतन्य आहे आणि प्रत्येक जीव त्याच्याशी आतून जोडलेला आहे. एमर्सनने त्याला ‘ओव्हर-सोल’ म्हटलं. निसर्ग ही त्या चैतन्याची भाषा आहे, म्हणून रानात एकट्याने चालणं हीसुद्धा उपासनाच. सत्याचा शेवटचा निवाडा ग्रंथ, चर्च, सरकार, बहुमत यांपैकी कुणीही करायचा नाही, तो ज्याने त्याने आपल्या अंतःकरणात करायचा. आणि सुधारणा व्हायची तर आधी माणूस आतून सुधारला पाहिजे, समाज आपोआप मागून येईल.

मराठी वाचक इथे म्हणणारच, हे तर आपलं उपनिषद झालं. साम्य आहे, आणि त्या मंडळींनाही ते जाणवलं होतं. त्यांच्या ‘डायल’ या नियतकालिकात मनुस्मृतीतले उतारे छापले जात. एमर्सनने भगवद्गीता १८४५ च्या सुमारास मन लावून वाचली आणि थोरोने ती वॉल्डनकाठी सोबत ठेवली. तरी घाईने ‘हे सगळं आपल्याकडूनच गेलं’ म्हणू नये. एमर्सनचे कळीचे निबंध गीता वाचण्याआधीचे आहेत. शिवाय गुरू, संप्रदाय, आश्रमव्यवस्था यांपैकी काही इथे नव्हतं. चार भिंतींतल्या संसारी माणसाने, बायकोमुलं आणि देणी सांभाळत, आतला आवाज ऐकून जगायचं होतं. अडचण नेमकी तिथूनच सुरू झाली.

ब्रॉन्सन ऑल्कॉट

एमोस ब्रॉन्सन ऑल्कॉट हा या मंडळींत सर्वांत कमी शिकलेला आणि विचारावर सर्वांत जास्त विश्वास असलेला माणूस. कनेक्टिकटमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. तरुणपणी व्हर्जिनियात दारोदार किरकोळ माल विकत हिंडला. पुढे शिक्षक झाला आणि १८३४ मध्ये बॉस्टनमध्ये त्याने टेम्पल स्कूल काढलं.

मुलात देवत्व असतं हे एमर्सनने लिहिलं, ऑल्कॉटने ते वर्गात राबवलं. तो मुलांना पाठ देत नसे, प्रश्न विचारत असे आणि मुलं काय म्हणतात ते नीट ऐकून घेई. एखाद्याने खोडी काढली तर कधीकधी तो छडी त्या मुलाच्याच हातात देई आणि आपला तळहात पुढे करी. मार मास्तरने खायचा, मारायचं मुलाने. मुलं रडकुंडीला येत. ज्या काळात शाळा म्हणजे घोकंपट्टी आणि फटके, त्या काळात हे चाललं होतं. मला विचाराल तर ऑल्कॉटने आयुष्यात केलेल्या कामांत हे सर्वांत अस्सल.

मग त्याने मुलांशी झालेल्या बायबलविषयक गप्पा पुस्तकरूपाने छापल्या. त्यात माणसाचा जन्म कसा होतो असाही विषय निघाला होता. बॉस्टनची वर्तमानपत्रं तुटून पडली, पालकांनी मुलं काढून घेतली. पुढच्या एका शाळेत त्याने कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश दिला. तिला काढा म्हणून पालकांनी सांगितलं, त्याने नकार दिला, ती शाळाही बसली. डोक्यावर हजारो डॉलरांचं कर्ज राहिलं आणि घरात बायको ॲबिगेल आणि मुली.

१८४२ मध्ये एमर्सनने वाटखर्च देऊन त्याला इंग्लंडला पाठवलं. तिथे लंडनजवळ हॅम इथे काही मंडळींनी ऑल्कॉटच्याच नावाने शाळा चालवली होती. अमेरिकेत ज्याची टवाळी होत होती त्याला तिथे ऋषी मानणारे भेटले. त्यांतला चार्ल्स लेन हा व्यापारी वर्तुळात वावरलेला, हिशेबी, कडक शिस्तीचा माणूस. त्याच्या गाठीला थोडे पैसे होते आणि सोबत विल्यम नावाचा मुलगा. लेन ऑल्कॉटबरोबर अमेरिकेला आला, तो गूढवादी ग्रंथांचा मोठा संग्रह जहाजात घालूनच.

शेताआधीची एक घटना सांगितली पाहिजे. जानेवारी १८४३ मध्ये ऑल्कॉटने डोईपट्टी, म्हणजे माणशी बसवलेला कर, भरायला नकार दिला. बळजबरीवर उभं असलेलं सरकार आपण मानत नाही, म्हणून. तो राहत होता त्या कॉन्कर्ड गावच्या शिपायाने त्याला पकडून नेलं, पण गावातल्या एका प्रतिष्ठित गृहस्थाने परस्पर कर भरून टाकला आणि काही तासांत तो घरी आला. साडेतीन वर्षांनी त्याच गावात, त्याच करासाठी, त्याच शिपायाने हेन्री थोरोला एक रात्र डांबलं. त्या रात्रीतून निघालेला निबंध पुढे गांधींनी दक्षिण आफ्रिकेत वाचला. मराठीत थोरो आणला दुर्गाबाई भागवतांनी, आणि आणीबाणीत त्यांनाही तुरुंग पाहावा लागला. थोरोची रात्र इतिहासात गेली. ऑल्कॉटची ती दुपार कुणाला आठवत नाही, आणि लिहिता येणं व न येणं यातला फरक इथे उघडा पडतो. ऑल्कॉट अप्रतिम बोलायचा म्हणतात, पण कागदावर त्याचं सगळं धुकं व्हायचं.

जमीन

नव्वद एकर जमीन अठराशे डॉलरना ठरली. पैसे मुख्यतः लेनने घातले. उरलेल्या तीनशे डॉलरच्या हप्त्यांची जबाबदारी ॲबिगेलचा भाऊ सॅम्युएल मे याने घेतली, आणि कागदोपत्री विश्वस्त म्हणून नावही त्याचंच लागलं. ‘डायल’मध्ये मात्र लेन आणि ऑल्कॉटने कळवलं की हा भूभाग मानवी मालकीतून मुक्त करण्यात आला आहे. ज्याच्या भरवशावर ही मुक्ती झाली तो मेहुणा तिथे राहायलाही गेला नव्हता.

जून लागल्यावर पेरणीला सुरुवात, म्हणजे आधीच उशीर. मका, राई, ओट, सातू, बटाटे, वाटाणे, कलिंगडाच्या जातीची फळं, सगळं थोडंथोडं. जमिनीखाली वाढणारी कंदमुळं हलक्या वृत्तीची म्हणून ती खायची नाहीत, असा नियम फ्रूटलँड्सवर होता अशी एक गंमत नेहमी सांगितली जाते. पेरलेल्या पिकांत बटाटे होते, तेव्हा ती गंमत म्हणूनच घ्यावी. कुदळी-फावड्यांनी थोडे दिवस खणून झाल्यावर मंडळींचे हात सोलवटले आणि जनावर न जुंपण्याचा नियम वाकला. जोसेफ पामर आपल्या शेतावरून बैल आणि गाय घेऊन आला आणि नांगरट झाली.

हा पामर म्हणजे तिथला एकमेव खराखुरा शेतकरी. त्याचं तत्त्वज्ञान एका दाढीत मावत होतं. अमेरिकेत दाढी ठेवण्याची चाल नसताना त्याने ती ठेवली. १८३० मध्ये काही जणांनी धरून जबरदस्तीने भादरायचा प्रयत्न केला, त्याने प्रतिकार केला, उलट त्यालाच दंड झाला. दंड भरणार नाही म्हणाला आणि वर्षाहून जास्त तुरुंगात बसला. दाढी ठेवल्याबद्दल छळ झाला, असं त्याच्या थडग्यावर कोरलेलं आहे. मनाला पटलं ते करायचं, हे शिकायला त्याला कांट लागला नव्हता.

बाकी मंडळी तऱ्हेवाईक. एकाने आपलं नाव उलटं करून आडनाव आधी लावलं होतं. एकाचा कपड्यांवर विश्वास नव्हता. एकाने म्हणे आयुष्याचं एक वर्ष नुसत्या बिस्किटांवर आणि एक नुसत्या सफरचंदांवर काढलं होतं. आयझॅक हेकर नावाचा तरुण जुलैत आला आणि दोनेक आठवड्यांत निघाला. ऑल्कॉटने कारणं विचारली तेव्हा हेकरने ती स्पष्ट सांगितली आणि डायरीतही लिहून ठेवली. तुमच्यात मोकळेपणा नाही, तुम्ही माणसं जोडण्यापेक्षा वेगळं राहता, आणि या जागेत फळंच फार थोडी आहेत. हेकर पुढे कॅथलिक झाला आणि पॉलिस्ट फादर्स या संघाचा संस्थापक म्हणून ओळखला गेला.

जुलैच्या सुरुवातीला एमर्सन पाहायला आला. सूर्य आणि संध्याकाळचं आकाशही या कुटुंबाइतकं शांत दिसत नाही, अशा अर्थाचं त्याने आपल्या रोजनिशीत लिहिलं, आणि पुढे जोडलं की जुलैत ते चांगले दिसतात, डिसेंबरात बघू. एमर्सन शेतकरी नव्हता, पण हिशेबाचा पक्का होता. ब्रूक फार्म या त्याच सुमाराच्या दुसऱ्या वसाहतीनेही त्याला बोलावलं होतं, तो गेला नाही.

ॲबिगेल

आता त्या नियमांची यादी पुन्हा वाचा, पण स्वयंपाकघरात उभं राहून. दूध नाही, लोणी नाही, साखर नाही, आणि दहा-बारा माणसांना तीन वेळा खायला घालायचंय. बिनखमिराची भाकरी, लापशी, फळं, भाज्या. लिननचे अंगरखे शिवायचे आणि धुवायचे. चार मुली, थोरली ॲना बारा वर्षांची, धाकटी तीनची. पाहुणे तर रोजचेच, कारण नवं स्वर्गराज्य बघायला लोक येणारच. घरात दुसरी बाई होती ॲन पेज, तीही टिकली नाही.

दुसरी मुलगी लुइझा तेव्हा दहा वर्षांची. हीच पुढे ‘लिटल विमेन’ लिहिणारी लुइझा मे ऑल्कॉट. तिची त्या वर्षातली डायरी थोडीफार शिल्लक आहे. पहाटे पाचला उठले, आंघोळ केली, गार पाणी मला फार आवडतं, असं एका नोंदीत आहे. वडील आणि लेन प्रवचनासाठी गावोगाव जात. ते गेले, फार छान वाटलं, ॲनाने आणि मी रात्रीचं जेवण बनवलं, असं दुसऱ्या नोंदीत. शरदातली एक नोंद मला विशेष बोलकी वाटते. दिवसभर दोघी बहिणींनी घरकाम केलं. रात्री लेनने मुलींना बसवून विचारलं, मनुष्य म्हणजे काय? मुलींनी उत्तरं दिली, मन असलेला प्राणी, एक जीव, शरीर, आत्मा आणि मन. बरीच चर्चा झाली आणि आम्ही फार दमून झोपलो. मोठी झाल्यावर लुइझाने त्याच नोंदीखाली शेरा मारला आहे की काम करून वर असल्या धड्यांनी डोकं शिणवल्यावर दमणारच!

तीस वर्षांनी, १८७३ मध्ये, तिने या प्रयोगावर ‘ट्रान्सेन्डेंटल वाइल्ड ओट्स’ नावाचं विडंबन लिहिलं. नावं बदलली आहेत, प्रसंग रंगवले आहेत, तेव्हा त्यातली ओळन्‌ओळ पुरावा म्हणून घेता येणार नाही. पण मुलीच्या नजरेला काय टोचलं ते त्यात स्वच्छ आहे. प्राण्याच्या चरबीचा दिवा नको म्हणून सगळे अंधारात बसायला तयार होतात आणि आई ऐकत नाही, कारण कपडे रात्रीच शिवायचे असतात. सातू कापून पडलाय, पुरुष मंडळी कुठल्याशा हाकेला ओ देऊन गेली आहेत, आभाळ भरून आलंय, आणि आई पोरींना घेऊन टोपल्यांत, चादरींत भरभरून धान्य आत आणते. कुणी पाहुणा विचारतो, इथे ओझ्याची जनावरं आहेत का? आई म्हणते, एकच आहे, बाई.

ॲबिगेलची स्वतःची डायरी विडंबनापेक्षा तिखट आहे. जवळच शेकर पंथाची वसाहत होती, ब्रह्मचर्य पाळणारी, नीटनेटकी, भरभराटीची. लेनला तिचं फार आकर्षण. ॲबिगेल ऑगस्टमध्ये पाहून आली आणि तिने लिहिलं की पुरुष कसे गुबगुबीत, समाधानी दिसतात आणि बायका ताठरलेल्या, अवघडलेल्या, म्हणजे इथे कुठेतरी चाकरी लपलेली आहेच. त्याच सुमाराला तिने हेही लिहिलं की बाई आपला विचार जगते, पुरुष त्याच्याविषयी तर्क करत बसतो.

फ्रूटलँड्सच्या अपयशाची कारणं लिहिणारे बहुधा उशिरा झालेली पेरणी, शेतीचं अज्ञान, कडाक्याची थंडी इथपर्यंत येतात. ती खरी आहेत, पण तेवढ्यावर प्रयोग मोडला नसता. मेहुण्याने आणखी पैसे घातले असते, पामरने आणखी जनावरं आणली असती. मोडला तो एका प्रश्नावर, ज्याची सोय या तत्त्वज्ञानाने केलीच नव्हती. शेवटचा निवाडा ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचा, मान्य. पण एका छपराखाली दोन अंतःकरणं दोन निवाडे देत असतील तर?

लेनचा आतला आवाज सांगत होता की नवरा-बायको-मुलं हे लहान कुटुंब म्हणजेच स्वार्थाचं मूळ. खऱ्या सुधारणेसाठी ते एका मोठ्या आध्यात्मिक कुटुंबात विरघळलं पाहिजे आणि स्त्री-पुरुषांनी वेगळं राहिलं पाहिजे. ॲबिगेल आपल्या मुलींवर इतकं प्रेम करते हीच त्याला अडचण वाटायची. ऑल्कॉटचा आतला आवाज या दोघांच्या मध्ये कुठेतरी अडकला होता. आणि ॲबिगेलचा? तिला तो असू शकतो, हे गृहीतच धरलं नव्हतं. नियम ठरवताना तिचं अंतःकरण कुणी विचारलं नाही. तिच्या अंतःकरणाने काय करायचं तेवढं ठरवून दिलं.

याच वर्तुळातली मार्गारेट फुलर त्याच जुलैमध्ये ‘डायल’मध्ये लिहीत होती की आत्म्याला लिंग नसतं असं मानत असाल तर स्त्रीला तिच्या आत्म्याप्रमाणे वाढू द्या. विचारात जागा होती. घरात नव्हती.

नोव्हेंबर आणि डिसेंबर

थंडी पडली तशी अंगरखेवाली मंडळी एकेक करून पांगली. कोठारात फारसं काही नव्हतं, सरपणही पुरेसं नव्हतं. नोव्हेंबरमध्ये सॅम्युएल मेने कळवलं की पुढचा हप्ता मी भरणार नाही. आणि ॲबिगेलने लेनला सरळ सांगितलं की मी मुलींना घेऊन निघते, सामानही माझं आहे, ते जाईल. या दोन गोष्टी एकाच सुमाराला घडल्या. बहीणभावांनी ठरवून हे केलं का, यावर चरित्रकारांचे तर्क चालतात. केलं असेल तर मला त्यात काही गैर दिसत नाही.

आता पेच ऑल्कॉटपुढे. लेनबरोबर शेकरांकडे जायचं की बायकोबरोबर? १० डिसेंबरच्या नोंदीत लुइझा लिहिते की लेन बॉस्टनला गेले होते आणि आम्हाला बरं वाटलं. संध्याकाळी आईवडील, ॲना आणि मी पुष्कळ वेळ बोललो, मी फार दुःखी झाले, सगळे रडलो, आणि बिछान्यात मी देवाला म्हटलं की आम्हाला सगळ्यांना एकत्र ठेव. अकरा वर्षांच्या मुलीसमोर आईबाप वेगळे होण्याची चर्चा मांडली गेली होती. मुलांच्या अंतःप्रज्ञेवरचा ऑल्कॉटचा विश्वास इतका सच्चा होता. त्याचं कौतुक करावं की त्याच्या अंगावर ओरडावं, कळत नाही.

६ जानेवारी १८४४ ला लेन आपल्या मुलाला घेऊन शेकरांकडे गेला. १४ तारखेला ऑल्कॉट कुटुंबाने शेजारच्या स्टिल रिव्हर वस्तीत आसरा घेतला. ऑल्कॉट त्याआधीच अंथरुणाला खिळला होता. दुखणं शरीराचं नव्हतं. त्याने अन्न सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. हळूहळू उठला, खायला लागला. पुढे शेवटपर्यंत त्याच्या बोलण्यात फ्रूटलँड्सचा विषय कमीच येई.

निवाडा कुणाचा

या प्रकरणावरून अतींद्रियवाद म्हणजे रिकामटेकड्यांचं स्वप्नरंजन, असा निष्कर्ष काढणं सोपं आहे आणि तेव्हाच्या अनेकांनी तो काढलाही. पण फ्रूटलँड्सवर या तत्त्वज्ञानाचा पराभव झाला की त्याचा अपुरा वापर झाला, हे आधी बघायला हवं.

ऑल्कॉट आणि लेनने अंतःकरणाचा आवाज ऐकला आणि त्याचे नियम केले. नियम झाला की तो दुसऱ्यांवर लागू होतो, आणि दुसऱ्याच्या दृष्टीने तो बाहेरून आलेलाच असतो. चर्चचा विधी एमर्सनला बाहेरचा वाटला, तसाच लोणीबंदीचा नियम ॲबिगेलला. शिवाय दोघांनी आतला आवाज आणि आपली आवडनिवड यांत गल्लत केली. गुलामांच्या कापसावर बहिष्कार ही नैतिक भूमिका होती आणि ती वेळेच्या पुढे होती. शेणखताला नकार ही अभिरुची होती. दोन्ही एकाच यादीत, एकाच वजनाने बसवल्या गेल्या. आतला आवाज खरा कोणता आणि लहर कोणती, हे ओळखण्याची कसोटी एमर्सननेही कधी नीट दिली नाही. लहर म्हणूनच दारावर लिहून ठेवीन, असं तो आत्मनिर्भरतेवरच्या निबंधात लिहून मोकळा झाला. माझ्या मते या सगळ्या विचारातली ही सर्वांत कच्ची जागा.

पण त्या वर्षी फ्रूटलँड्सवर एका व्यक्तीने अतींद्रियवादाला शोभेल असं वर्तन केलं. घरच्या पुरुषाचं मत, जाणकार पाहुण्याचं मत, ग्रंथांचा ढीग, वर्तुळातली प्रतिष्ठा, हे सगळं एका बाजूला असताना तिने आपल्याला जे खरं दिसत होतं तेच प्रमाण मानलं आणि त्याप्रमाणे पाऊल उचललं. कॉन्कर्डच्या इतिहासात तिची गणना तत्त्वचिंतकांत होत नाही.

थोरोचं उदाहरण शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. दीड वर्षाने तो वॉल्डन तळ्याकाठी गेला. तिथेही साधेपणा, स्वतःच्या हातची शेती, सरकारशी फटकून राहणं. पण एकटा गेला. जागा एमर्सनने फुकट वापरायला दिलेली, झोपडी उभारायला ऑल्कॉटसह काही मित्रांचा हात, आणि खर्च साडेअठ्ठावीस डॉलरच्या आत, पै-पैचा हिशेब ठेवून. आपले नियम त्याने आपल्यापुरते ठेवले आणि सोयीने मोडलेही. गावात घरी जेवायला जायचा म्हणून त्याची थट्टा होते, पण त्याचा प्रयोग टिकण्याचं एक कारण तेच आहे. कुणी तरी दुसऱ्याने उपाशी राहावं असं त्यात काही नव्हतं.

पुढे काय झालं

लेन शेकरांकडे फार रमला नाही. स्वतः बाहेर पडला, पण मुलाला तिथून सोडवताना त्याला बराच त्रास झाला, कारण त्याने मुलाचा ताबा कागदोपत्री त्यांना दिला होता. १८४६ मध्ये तो इंग्लंडला परतला. पुढे त्याने पुन्हा लग्न केलं आणि त्याला मुलंबाळंही झाली.

शेत पामरने विकत घेतलं. त्याने तिथे नियम केले नाहीत. वाटसरू, बेघर, फिरस्ते, ज्याला लागेल त्याला खायला-राहायला मिळेल एवढंच ठेवलं आणि ते जवळपास वीस वर्षं चाललं. आज तिथे संग्रहालय आहे आणि ते जुनं घर पाहता येतं.

१८४५ मध्ये ऑल्कॉट कुटुंबाने कॉन्कर्डमध्ये घर घेतलं. पैसे ॲबिगेलच्या वडिलांच्या वारशातले, आणि पाचशे डॉलर एमर्सनचे. या वेळी खरेदीखत करताना मालकीतून मुक्ती वगैरे भाषा नव्हती. नवऱ्याच्या सावकारांना हात लावता येऊ नये म्हणून घर विश्वस्तांच्या नावावर, ॲबिगेलसाठी म्हणून, करण्यात आलं. विश्वस्तांपैकी एक होता सॅम्युएल मे. तीन वर्षांनी तेही परवडेना तेव्हा कुटुंब बॉस्टनला गेलं, आणि तिथे शहरातल्या गरिबांमध्ये काम करण्याची पगारी नोकरी धरली ती ॲबिगेलनेच.